मोठा जेट, लहान जेट

९ ऑक्टोबर
आज पुन्हा सोनालीच्या गल्लीत गाडी बंद पडली. तिच्या दारासमोरच. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा मोठा जेट टाकल्यापासून हेच चाललंय. मोकळ्या रस्त्यावर बाबांची ही जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल सुसाट, पण रेस सोडली की फडफड अन् ठप्प. किक मारून मारून घाम फुटला. तिचे वडील, अप्पा, ओट्यावर पेपर डोळ्यांजवळ धरून बसलेले. पेपर खाली केला, पाह्यलं, पुन्हा वर धरला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० ऑक्टोबर
रफिकभाईच्या गॅरेजवर. अठराला, पुढच्या रविवारी, जालना रोडच्या माळावर शर्यत. म्हटलं, गाडी माळावरही पळाली पाहिजे अन् गावातही शांत चालली पाहिजे, एकाच सेटिंगवर.
"मोठा जेट पेट्रोल जास्त पाजते, तवा पयते. गावात तेच पेट्रोल तिले पचत नाही. तुले शर्यतीचा घोडाबी पाह्यजे अन् दुभती म्हैसबी. एकाच दाव्याले कशी बांधू बे?"
कार्बोरेटरची सुई मधल्या खाचेत ठेवून पाह्यली. ना इकडची ना तिकडची. डोकं फिरलं, पान्हा आपटला.
"आपट. कॉलेजबी असंच आपटून आला नं?"
उठून आलो. सरांशी भांडण झालं होतं हे खरं. पण हा कोण बोलणारा?

१२ ऑक्टोबर
सोनाली, म्हणजे सो., रसवंतीवर भेटली. मैत्रीण सोबत, म्हणून अर्धं बोलणं रसाच्या ग्लासाशीच. दिवाळीनंतर तिला पाहायला चिखलीचे पाहुणे येणार. अप्पांशी मीच बोलायचं, असं तिचं म्हणणं.
"शर्यत जिंकून येतो, मंग बोलतो."
"जिंकल्यानं काय होते?"
 नाव होते, एवढंच म्हणालो.
"अन् येशीन तवा पायी ये. तुह्या गाडीनं साऱ्या गल्लीले समजते."

१३ ऑक्टोबर
सकाळी सेटिंग सापडलं. मोठा जेट, सुई एक खाच वर, एअर फिल्टर काढून टाकला. माळावर अशी पळाली की डोळ्यात पाणी आलं.
गॅरेजवर येतो तोच सो.चा फोन. अप्पांची यष्टी हुकली, डोळे तपासायला जालन्याला जायचंय. "तू ने. मीच सांगितलं त्यायले." लहान जेट टाकायला वेळ होता. पण एवढ्या दिवसांनी सापडलेलं मोडवेना.
बाजारात गाडी तीनदा बंद. भाजीवाली बाई म्हणे, "अप्पा, लोटू का?" अप्पा छत्री बगलेत धरून उभे. मला लाज वाटली, अन् लाजेचा राग झाला. रस्ता मोकळा लागताच रेस पिळली. अप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो रुतत गेला. कळत होतं. सोडली नाही.
दवाखान्यापाशी उतरून त्यांनी टोपी नीट केली.
"पयते चांगली. पण मांगं मी बसेल होतो, हे ध्यानात होतं का तुह्या?"
येताना यष्टीनं आले.

१५ ऑक्टोबर
संपलं असंच धरून होतो. सो.चा फोन. रविवारी अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदू. जाताना दोघं यष्टीनं जाणार. परत येताना यष्टीला बालाजीच्या यात्रेची गर्दी, अन् डॉक्टर म्हणतात धक्का लागायला नको.
"अप्पा म्हणते, त्यालेच बोलाव."
"मले?"
"हाव. मीबी पुन्हा विचारलं. चार वाजता ये."
शर्यत रविवारीच. तिला ते बोललो नाही. येतो म्हटलं.

१६ ऑक्टोबर
रफिकभाईकडे गेलो. तोच पान्हा त्यानं हातात दिला. लहान जेट कागदात बांधून खिशात घातला माझ्या. "इंजन थंड झाल्याबिगर खोलू नको. तुले दम नाही, म्हणून सांगतो."

१८ ऑक्टोबर, रविवार
सकाळच्या फेरीत पहिला आलो. धुळीतून मागं वळून पाह्यलं तर कोणीच नाही. आयुष्यात असं कधी वाटलं नव्हतं.
फायनल तीनला. फायनल पळून तसंच जालन्याला निघालो असतो तर चारपर्यंत पोचलो असतो. पण मोठ्या जेटवरच. बदलायला वेळ नव्हता. म्हणजे परतीला तेच हिसके, अन् मागं अप्पा, डोळ्याला पट्टी.
फायनलसाठी गरम केलेली गाडी बाजूला घेतली. थंड व्हायची वाट पाह्यली नाही. बोटं भाजली. मोठा जेट हातातून सुटून काळ्या मातीत गेला. शोधला थोडा, खोटं काऊन लिहू. लहान जेट बसवला, सुई खाली घेतली, फिल्टर लावला.
"अबे, नाव पुकारून राह्यले तुहं!" रफिकभाई पळत आला.
"जालन्याले जातो."
माझ्या बोटांकडं पाह्यलं त्यानं. "हळू जा," म्हणाला.

अप्पांना मागं बसवलं. सो. यष्टीत बसली. साऱ्या वाटेनं मी खड्डे मोजत आलो, वेग पाह्यलाच नाही. गावात यात्रेच्या गर्दीत थांबावं लागलं. हात रेसवरून काढला. इंजन चालूच.
"बंद पडली का?" अप्पांनी विचारलं.
"नाही अप्पा. चालू हाये."
घराशी उतरताना हात धरला त्यांनी माझा. भाजलेली बोटं, पण सोडवला नाही.
"शर्यत होती म्हणे आज."
"होती."
"मंग?"
 मी दुसऱ्या हातानं गाडी बंद केली.
"उद्या पट्टी काढायले जायचं हाये. सातले ये. अन् तुले जे म्हणायचं, ते पट्टी निघाल्यावर म्हण. मले तोंड पाहून आयकायचं हाये."
सो. अजून यायची होती. चिखलीच्या पाहुण्यांचं विचारायचं राहून गेलं. हो म्हणतील का नाही, आवाजावरून काहीच कळलं नाही.
गाडी आमच्या अंगणात उभी आहे. लहान जेटवर. सकाळी गारठा असतो, लवकर चालू होणार नाही. गल्लीबाहेरच चोक ओढून गरम करून घेईन, मगच दारात नेईन.