हार घातलेला राऊटर

खंडेनवमी, संध्याकाळी साडेसात

डोकं अजून तापलेलंच आहे. पूजा करायला यांना राऊटरच मिळाला? वजनकाटा होता, प्रिंटर होता!

काल अख्खा दिवस आमच्या कांदा कंपनीच्या लासलगावच्या शाखेत घालवून मी नवा राऊटर बसवला. माहितीनं नाशिकच्या ऑफिसकडे कुठल्या वाटेनं जायचं, ती लाइन तुटली तर मालेगाववरून कसं वळायचं, सगळं त्याला शिकवलं. केबल काढून पाहिली, तर दोन सेकंदांत वळला. मी खूश. आज दुपारी अख्खी शाखाच बंद. बाहेर कांद्याचे ट्रक उभे, आत एक पावती निघेना. का, तर तिथले मॅनेजर आहेरभाऊ यांनी राऊटर बंद करून पुसला, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि मग चालू केला. चालू मशीनची पूजा करत नाहीत म्हणे! माझं कालचं सगळं गेलं.

इकडे ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काल तुम्ही नक्की केलंत काय?" मीही सगळ्यांसमोर शाखेतून मागवलेला त्या हाराचा फोटो दाखवला. घ्या!

मघाशी आहेरभाऊंचा फोन आला. "मॅडम, माझ्या हारानं झालं का वो? साहेब लय बोलले."

हारानं काय होतंय? शिकवलेलं सेव्ह केलं असतं, तर दहादा बंद करूनही राऊटरला सगळं आठवलं असतं. पाचची एसटी गाठायच्या घाईत ती शेवटची कमांड राहिली. हे मला दुपारीच कळलं होतं.

"पुढल्या वर्षी नाय घालत," ते म्हणाले.

आणि मी म्हटलं, "हो, नका घालू."