घागरीशेजारचा गार चहा

अक्का, काल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या घागरीजवळ ठेवलेला चहाचा कप मी उचलला आणि मोरीत ओतून दिला. सगळ्यांसमोर. भाऊ पाटावर बसलेला, वहिनी तव्यावरची पुरणपोळी उलटत होती, पोरांचे हात आमरसात. भाऊ उठला आणि म्हणाला, "पुढच्या आखाजीला येऊ नको." मी म्हटलं, "बरं." आणि धुळ्याहून दुपारच्या गाडीनं जळगावला परत आले. माहेरपणाला म्हणून गेले होते, धड जेवलेही नाही.

आई, पण आम्हा दोघांची अक्काच तू; तुला जाऊन बारा वर्षं झाली. दर आखाजीला भाऊच्या घरी पितरांसाठी भरतात तशी तुझी घागर भरतात. कोरी घागर, त्यात गार पाणी, वर खरबूज, बाजूला आंबे नि सांजोऱ्या. हे सगळं रीतीप्रमाणे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्याच शेजारी वहिनी कपबशी ठेवते. दूध घातलेला, वाफाळता, चार चमचे साखरेचा चहा. कारण काय, तर अक्काचा जीव चहात अडकलाय. अकरा वर्षं मी ते बघितलं नि गप्प बसले. यंदा नाही बसले. इथूनच गवती चहा, पुदिना, तुळस घालून केलेला गार चहा बाटलीत भरून नेला, पेला भरला आणि घागरीजवळ ठेवला. भाऊ म्हणतो, "ते औषध उचल तिथून." मी म्हटलं, "औषध नाही, चहा आहे. शेवटचे दोन महिने ती हाच प्यायली." मग तो जे बोलला ते बारा वर्षं त्याच्या पोटात होतं, हे मला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. "माझी आई एक कप चहा मागत गेली. तू तोही दिला नाहीस. आता मेल्यावर तरी तिला सुखानं पिऊ दे." म्हणून मी कप ओतला, अक्का. रागानं ओतला आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

चहा तुझा कोण होता हे मला भाऊने शिकवायची गरज नाही. भाऊ तेव्हा गल्लीत गोट्या खेळायचा, तुझा डबा घेऊन कापसाच्या जिनिंगमध्ये मी यायचे. अजून दिसतंय मला. तू सरकीच्या ढिगापाशी उकिडवी बसलेली आहेस, केसांत, भुवयांत, पापण्यांत कापूस, आणि वर पत्रा इतका तापलेला की आत शिरताना मी श्वास धरते. दहा वाजता आणि तीन वाजता किटली येते. तेवढाच वेळ मुकादम काही बोलत नाही. तू भिंतीला पाठ टेकतेस, पाय लांब करतेस, बशीत चहा ओततेस, फुंकतेस, आणि डोळे मिटून पितेस. शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवतेस, तळाशी साखर साचलेला. बाबा गेल्यावर इतकी वर्षं तू फक्त चहासाठी खाली बसलीस, नाहीतर उभीच होतीस. हे सगळं मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी तुझा चहा तोडला.

कारण तुझ्या पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की साखर खाली आली नाही तर घोट्यापर्यंत कापावं लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल याची खात्री नाही. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. असे पाय घेऊन येणारी माणसं रोज बघते, आणि पुढच्या खेपेला त्यातलीच काही पायाविना आलेलीही बघितली आहेत. भाऊ म्हणाला, "तुझ्याकडे डॉक्टर जवळ आहेत, तूच ठेव." ठेवलं. दर रविवारी तो तुला भेटायला यायचा नि येताना अर्धा किलो जिलबी आणायचा. मी ती दारातूनच परत करायचे. म्हणजे लाडाचा मुलगा तो, आणि कैदाशीण मी!

बिनसाखरेचा देऊन बघितला नव्हता का? बघितला. तू बशी सरकवून दिलीस. म्हणालीस, असला चहा मयतीच्या घरी पितात. मग तुझ्या उशीच्या अभ्र्यात मला गुळाचा खडा सापडला. मग डब्यातली साखर बोटभर कमी व्हायला लागली, आणि विचारलं की तू देवाकडे बघायचीस. शेवटी एक दिवस मी घरातली साखर, गूळ, चहापत्ती, सगळं उचलून शेजारी देऊन टाकलं आणि तुझ्यासमोर उभी राहून म्हटलं, "तुला नाही ना, मग या घरात कोणालाच नाही. मलाही नाही, यांनाही नाही." आमचे हे बिचारे ऑफिसात जाऊन पीत असणार, मी विचारलं नाही. पण मी सोडला. डोकं फुटेस्तोवर दुखायचं पहिले आठ दिवस, तरी सोडला.

आणि मग सुरू झाला आपला गार चहाचा कारखाना! जळगावचा मे महिना, दुपारी खिडकीचा गज धरवत नाही, आणि मी लॅबमधून आल्या आल्या मागच्या अंगणात गवती चहाच्या बेटात हात घालतेय. पाती चुरगाळायची, उकळतं पाणी खाली उतरवून त्यात टाकायची, झाकण ठेवायचं, दहा मिनिटांनी गाळायचं. गॅसवर ठेवून खदखदवलं की कडू होतं, हे मला चार वेळा ओतून दिल्यावर समजलं. पुदिना शेवटी, नुसता हातानं फाडून. पहिल्यांदा मी ते सगळं गार व्हायला पिण्याच्या माठात ओतलं आणि तू जी ओरडलीस! माठाला वास लागला, आता पाहुण्याला पाणी कुठलं देशील, तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही का, असं तूच मला विचारत होतीस. मग वेगळी सुरई आणली. पहिला पेला तू नाकाजवळ नेलास नि गुरांपुढे ठेवायला सांगितलंस, "हाऊ काय चहा शे व? हाई ते गवतनं पानी शे. ढोरेसले पाज." दुसऱ्या दिवशी तुळस नि लिंबू, तर सगळ्या जगाचा दाखला दिलास, "बठ्ठं जग चहा पेस, मीच काय पाप करेल शे?" तिसऱ्या दिवशी वाळा नि बडीशेप, तो मात्र अर्धा प्यायलीस, शिव्या देत देत. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या तेव्हा "देवनं फूल उकाळस का तू?" म्हणून देवघराकडे हात जोडलेस. पण पाणी जांभळं झालं आणि मी लिंबू पिळल्यावर एकदम लालभडक झालं, तेव्हा काठी टेकत माझ्याजवळ आलीस नि म्हणालीस, परत कर. त्याचे तू दोन पेले प्यायलीस. लाल आहे म्हणून बरं लागतंय, असं कारणही दिलंस.

रोज करत होते मी. कामावरून येऊन, घाम पुसत, तुझी बोलणी खात. भाऊला हे दिसलं नाही. त्याला दिसली ती फक्त रविवारची तू, त्याचा हात धरून "अर्धा कप चहा सांग ना हिला" म्हणणारी. पण पट्टी बदलताना मी खाली बसून तुझा पाय मांडीवर घ्यायचे, आणि महिन्याभरात त्या काळ्याच्या कडेला गुलाबी मांस दिसायला लागलं, ते मी बघितलं. डॉक्टर म्हणाले, "पाय वाचला, आजी." तू त्यांना काय विचारलंस? आता चहा चालेल का. सगळा दवाखाना हसला. मीही हसले, आणि नाही म्हटलं. अजून एक महिना, म्हटलं. साखर नीट बसू दे, मग मी स्वतः करून देईन, दुधाचा, कपभर.

तो महिना आलाच नाही. पंधराव्या दिवशी सकाळी तू अंथरुणात गेलीस, झोपेतच, हृदय थांबलं म्हणाले. भाऊ आला आणि तुझ्या उशाशी बसून मोठ्यानं रडत म्हणाला, चहा चहा करत गेली माझी माय. आलेल्या प्रत्येक बाईनं माझ्याकडे बघितलं. आता मला सांग, मला काय माहीत होतं की पंधराच दिवस आहेत? डॉक्टरांना माहीत नव्हतं, तुला माहीत नव्हतं. मला पाय वाचवायचा होता, आणि मी तो वाचवला. तू दोन्ही पायांनिशी गेलीस, अक्का. तुला आंघोळ घालताना तुझे दोन्ही तळवे मी माझ्या हातांनी धुतले. उद्या पुन्हा तोच उन्हाळा आला तर मी पुन्हा चहापत्ती शेजारी देऊन टाकीन. भाऊ काय, सगळी भावकी आली तरी टाकीन. आणि पुढच्या आखाजीला मी जाणार. दार नाही उघडलं तर बाटली घेऊन ओट्यावर बसेन, बघू दे गल्लीला.

आज दुपारी वहिनीचा फोन आला होता. हळू आवाजात बोलत होती. "ताई, कालचं मनावर घेऊ नका. तो गार चहा कसा करायचा तेवढं सांगा ना. यांची शुगर वाढलीय. कोणाला बोलत नाहीत, गोळ्या कपाटात लपवतात." मी म्हटलं, पाणी आधी खाली उतरव, मग पाती टाक, उकळू नको. साखर अजिबात नाही. ती म्हणाली, "ते पिणार नाहीत हो." मी म्हटलं, "शिव्या देतील. देऊ दे. तू करत राहा." फोन ठेवल्यावर मला हसू आलं. मग हे लिहायला बसले.

हे मी भाऊला दाखवणार नाही आणि तुझ्या फोटोमागेही ठेवणार नाही, लिहून झालं की फाडून टाकीन. पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. तू गेलीस त्याच्या आदल्या दुपारी मी पुदिना आणायला म्हणून बाहेर पडले. पुदिना घरात होता. कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले, उभ्या उभ्या चहा घेतला, पूर्ण साखरेचा, आणि एकावर भागलं नाही म्हणून दुसराही घेतला. पुदिन्याची जुडी हातात धरून घरी आले. तुझी उशी नीट करायला वाकले तेव्हा तू डोळे उघडलेस. माझ्या तोंडाचा वास तुला आला असणार. ओरडली नाहीस, मागितलाही नाहीस. फक्त विचारलंस, "अद्रक टाकेल व्हतं का व चहामा?"

मी म्हटलं, "कसला चहा?" आणि पुदिना धुवायला आत गेले.

होतं, अक्का. भरपूर होतं.