आबांना दुखत नाही

मंगळवार, संध्याकाळ

सोनगीरहून आबा, माझे वडील, आलेत. त्यांची लघवी आज लॅबमध्ये मीच तपासली. मायक्रोस्कोपखाली नुसत्या लाल पेशी. बाटली बदलली असेल का? पण चिठ्ठीवर माझंच अक्षर. पुन्हा पाहिलं. माझंच.

घरी येऊन विचारलं, "आबा, लघवी लाल होते?"

"व्हस कधीमधी. पन दुखत नही ना, मंग कसाले सांगू?"

एवढं बोलून मजेत बशीत चहा ओतून घेतला. दुखत असतं तर मुतखड्यावर निभावलं असतं. न दुखता रक्त म्हणजे कॅन्सरची शंका; तसा रिपोर्ट वाचताना डॉक्टरांचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय. उद्या तो चेहरा आमच्यासमोर. वहीतलं हे अक्षर मात्र माझं वाटत नाही.

देवा, आबांना थोडं तरी दुखू दे.