चौघांची एकच जन्मतारीख

माझ्या लाडक्या धाकटीस,

तुझ्या थोरलीचे पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? यजमानांना नमस्कार सांग. सुनेला सांग, तिनं विणलेला स्वेटर दोन्ही बाजूंनी घट्ट होतो, पण मी तो रोज घालते. मी ठणठणीत आहे. दात सोडले तर सगळं जागच्या जागी आहे.

आता कारखान्याची खबर. (कारखाना आपला म्हणायचा! दोन खोल्या, तार वळायचं एक यंत्र आणि चार माणसं. पण बाटल्या धुवायचे ब्रश करावेत तर आपणच.) तुझे भाऊजी गेल्यापासून पगार, रजा, रुसवेफुगवे सगळं माझ्याच गळ्यात. नात म्हणते, आजी, याला एचआर म्हणतात. म्हटलं, म्हणोत बापडे. मी आपली पगाराच्या पाकिटांवर अजून चित्रंच काढते. मिस्त्रीला मिशी, गोंदवालीला चष्मा, बडबड्याला पोपट आणि पॅकिंगवालीला छत्री, कारण पहिल्याच दिवशी ती छत्री विसरून गेली होती. मिस्त्रीनं मिशी उतरवून बारा वर्षं झाली. त्याला म्हटलं, आता पाकिटावरची पण काढू का? तर म्हणाला, "राहू द्या वहिनी, तिथं तरी काळी आहे."

त्या मिस्त्रीला आता तारेचं टोक दिसत नाही गं. दोनदा तार बोटात घुसली. कागदावर त्याला अठ्ठावन्न पूर्ण झाली, म्हणून पेन्शनचा अर्ज केला. ते मिळालं की बायकोला घेऊन लेकीजवळ राहायला जाणार, खोलीसुद्धा बघून ठेवलीय. तर अर्ज परत! फंडाच्या कचेरीतून बोलावणं आलं. मी कारखान्याला कुलूप लावलं आणि चौघांना घेऊन गेले. (भर कामाच्या दिवशी कुलूप आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तुझ्या लग्नाला.) साहेब म्हणाले, आजी, तुमच्याकडे माणसं चार आणि चौघंही एकाच साली, एकाच दिवशी जन्मली? ही माणसं खरी आहेत ना? बडबड्या लगेच पुढं, "चिमटा काढून बघा साहेब!" गोंदवाली म्हणाली, "मी याच्याबरोबर जन्मले असते तर आईनं याला तिथंच परत केला असता." साहेब पोट धरून हसले. पण पेन्शन अडवलं ते अडवलंच.

मग त्यांनी जुना अर्ज पुढं केला आणि मला भरूनच आलं. अगं, तुझं अक्षर! लग्नाआधी दोन महिने तू माझ्याकडे राहायला आली होतीस. मला तेव्हा सही तेवढी यायची, म्हणून फंडाचे अर्ज तुझ्या पुढ्यात टाकले. जन्मतारीख एकालाही ठाऊक नव्हती. मिस्त्री म्हणाला, जुना पूल पडला त्या साली. गोंदवाली म्हणाली, आई म्हणते मंगळवार होता. तू उलट्या खोक्यावर बसलेली, बोटं शाईनं माखलेली. रकाना मोकळा ठेवायचा नसतो असं म्हणालीस आणि चौघांना एकच तारीख ठोकून दिलीस. तुझ्या भाऊजींनी न वाचताच शिक्का मारला. ते तेव्हा यंत्राच्या तालावर शीळ घालायचे, आठवतं? शीळ थांबली की स्वयंपाकघरात मला कळायचं, यंत्र बसलं. किती पोरसवदा होतो गं सगळे! साहेब बोलत होते आणि मला आपली ती शीळच ऐकू येत होती.

बाकी क्षेम. गुडघ्याला जप.

तुझी थोरली

ता. क. चौघांच्या खऱ्या वयाचे दाखले नातीनं गोळा केलेत. आता साहेबांना एवढंच हवंय, की ती तारीख आली कुठून हे लिहिणारीनं समक्ष येऊन सांगावं. मी सांगून टाकलं, ती माझ्या बहिणीची स्वतःची आहे. तेव्हा येत्या सोमवारी शाळेचा दाखला घेऊन ये. मिस्त्रीनं सामान बांधलंय.

ता. क. दुसरा. मला माहीत आहे, लग्न जमवताना बाबांनी तुझं वय दोन वर्षं कमी सांगितलं होतं. दाखल्याप्रमाणे तू यजमानांपेक्षा तीन महिन्यांनी मोठी भरतेस. अडतीस वर्षांनी काय परत पाठवतात? तरी पण एकटीच ये. घरी गुडघ्याचं निमित्त सांग.

ता. क. तिसरा. नात म्हणते, टपालानं हे वेळेत पोचायचं नाही. ती आत्ताच सगळ्या पानांचे फोटो काढून फोनवर पाठवतेय. तुझा नंबर तिच्याकडे नाही, म्हणून यजमानांच्या नंबरावर. त्यांना म्हणावं, माझ्या सहीपर्यंतच वाचा.