‘नाय तं काय’ या होकाराची नकार म्हणून झालेली नोंद

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
किनारपट्टी वहिवाट नोंदणी कक्ष,
पनवेल.

विषय: करंजा येथील मासळी सुकवण्याच्या त्रेचाळीसपैकी बेचाळीस जागा ‘विनावापर’ ठरवणाऱ्या आयात संगणकीय मॉडेलचा निकाल रद्द करून उत्तरे माणसाकडून तपासून घेणेबाबत.

संदर्भ: १) कक्षाची नोटीस, दि. २७ ऑक्टोबर २०२५. २) अर्जदाराच्या पत्रास कक्षाचे उत्तर, दि. ४ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार ही भाषाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका असून पनवेलच्या बाजारपेठेत राहते. तिचे बालपण करंजा बंदराजवळ गेले. त्या किनाऱ्यावरची माणसे होकार कसा देतात, या एका प्रश्नावर तिने प्रबंधासाठी सहा वर्षे घालवली. आपल्या कक्षाने तोच प्रश्न ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवसांत निकालात काढला. या वेगाबद्दल कक्षाचे अभिनंदन करून अर्जदार तक्रारीकडे वळते.

२. बंदरालगतच्या मोकळ्या जागेत त्रेचाळीस बाया मासळी सुकवतात. जागा त्यांच्याकडे ठेवायच्या की काढून घ्यायच्या, हे ठरवण्यासाठी कक्षाने प्रत्येकीला विचारले, “आपण या जागेवर मासळी सुकवता का?” आणि उत्तर ध्वनिमुद्रित केले. जागा क्रमांक सतरावरील श्रीमती वेणूबाई काळूराम नाखवा, वय एकाहत्तर, यांचे उत्तर अक्षरशः असे आहे: “नाय तं काय. माजी सासू हितंच सुकवायची. आमी काय आभालात सुकवतो?” हे उत्तर लिखित रूपात आभाळातच, म्हणजे कक्षाच्या क्लाउडवरील डेटा वेअरहाउसात, जमा झाले. तेथे बाहेरून तयार शिकवून आणलेल्या एका मॉडेलने ते वाचले आणि त्यापुढे नोंदवले: “नाही. खात्री ९७ टक्के.”

३. ‘नाय तं काय’ याचा अर्थ ‘हो, आणि यात विचारण्यासारखे काय आहे’ असा होतो. किनाऱ्यावर याहून ठाम होकार नाही. नुसते ‘हो’ म्हणणारा माणूस तेथे जरा कच्चा धरला जातो. त्रेचाळीसपैकी अडतीस जणींनी हेच उत्तर दिले आणि अडतीस नकार नोंदले गेले. उरलेल्या पाच जणी “हाय की” म्हणाल्या. त्यांच्या नावापुढे मॉडेलने ‘अभिवादन’ असे लिहिले आहे. या पाच जणींनी यंत्राला इंग्रजीतून नमस्कार केला, असे कक्षाचे अधिकृत मत आजमितीस आहे.

४. नोंदींमध्ये होकार मात्र एक आहे. बेलपाड्याचे श्री. निनाद हे पाहणीसाठी कंत्राटी पद्धतीने नेमलेले तरुण पदवीधर. ध्वनिमुद्रण नीट होते का हे तपासण्यासाठी त्यांनी वेणूबाईंच्या जागेवर उभे राहून स्वतःच म्हटले, “हो, मी या जागेवर मासळी सुकवतो.” ती चाचणी पुसायची राहिली. परिणामी जागा क्रमांक सतरा त्यांच्या नावे कायम झाली असून बाकी बेचाळीस जागांवर कोणाचीही वहिवाट नाही, असे नोटिशीत म्हटले आहे. श्री. निनाद यांनी पाहणीचे तिन्ही दिवस वासामुळे नाकाला रुमाल बांधला होता. नोटिशीचा कागद घेऊन ते वेणूबाईंकडे माफी मागायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बस बाला, आता मालक तू. बोंबील उलटे कर न् कावले हाकल. मी जाते घरी.” तेथून ते अर्जदाराकडे आले, आणि या अर्जातील नोंदींच्या प्रती त्यांनीच दिल्या. हा मनुष्य प्रामाणिक असल्याने त्याच्यावर कारवाई होण्याची भीती अर्जदारास वाटते.

५. अर्जदाराने विचारणा केली असता कक्षाने कळवले: “मॉडेल आयात केलेले असल्याने ते येथे फक्त वापरता येते, त्यात बदल करता येत नाही.” हे मूळचे एका दूरध्वनी सेवेच्या ग्राहकांची संभाषणे वाचून, ग्राहक नवी योजना घेईल की नाही हे ओळखायला शिकलेले मॉडेल आहे, अशीही माहिती त्याच उत्तरात आहे. महोदय, जासईच्या गोदामांत परदेशातून प्लास्टिकच्या बाहुल्या आल्या तरी पेटी उघडून पाहिल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. त्रेचाळीस घरांचा निकाल लावणारी वस्तू आयात झाली, तेव्हा ती कोणी उघडून पाहिली? एका तरी करंजेकराचे वाक्य तिला वाचून दाखवले होते काय?

६. येथपर्यंत अर्जदार याला अज्ञान मानत होती. परंतु याच जागेवर ट्रेलर उभे करण्याच्या कक्षाच्याच प्रस्तावाचा नकाशा तिने पाहिला आहे. त्यात ही जागा ‘विनावापर’ म्हणून रंगवली असून नकाशावर २२ सप्टेंबर ही तारीख आहे. पाहणी ऑक्टोबरमध्ये झाली. उत्तरे मिळण्यापूर्वीच उत्तर रंगवून ठेवणाऱ्या कार्यालयाला बायांची भाषा न कळणारे मॉडेलच नेमके कसे सापडले, याचा खुलासा अर्जदारास हवा आहे. तिने कोणावरही आरोप केलेला नाही. तिने फक्त दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

७. आता अंतिम सुनावणी २४ नोव्हेंबरला आहे. त्या दिवशीही उत्तरे ध्वनिमुद्रित होऊन त्याच मॉडेलकडे जाणार आहेत, आणि प्रश्न असेल, “जागा काढून घेण्यास आपला आक्षेप आहे का?” त्रेचाळीस बाया काय म्हणतील हे अर्जदारास आजच ठाऊक आहे. कक्षासही असावे, असा तिचा संशय आहे. त्या दिवसापुरते ‘हो’ म्हणा, असे अर्जदाराने वेणूबाईंना सुचवून पाहिले. त्या म्हणाल्या, “बाय, माज्या जागंसाठी मी माजी जीब बदलू? मंग ती जागा माजी कशी?” सहा वर्षांच्या प्रबंधात अर्जदारास इतके नेमके वाक्य लिहिता आले नाही.

८. सबब विनंती की, ऑक्टोबरची सर्व ध्वनिमुद्रणे करंजात वाढलेल्या माणसाकडून, बायांच्या समक्ष, पुन्हा तपासून घ्यावीत. तोवर एकही जागा रिकामी करू नये. आणि सुनावणीत हे मॉडेल वापरू नये. सोबत नोंदींच्या प्रती, नकाशाची प्रत आणि जागा क्रमांक सतरावर सुकलेल्या बोंबलांची एक जुडी पुराव्यादाखल जोडली आहे. ती भेट समजू नये. हुंगून, पोच देऊन परत करावी.

९. अर्ज दाखल होताच कक्षाचा स्वयंचलित दूरध्वनी येतो आणि “आपली तक्रार कायम आहे का?” असे विचारतो, असे कळते. अर्जदाराने तीस वर्षे प्रमाण मराठी शिकवली आहे व ‘हो’ हा शब्द तिला येतो. तरी आपले उत्तर ती येथे शाईने लिहून, खाली सही करून देत आहे, म्हणजे ते मेघात हरवणार नाही:

नाय तं काय.

आपल्या कानांवर अजून भरवसा ठेवून असलेली,

(सही)
डॉ. नूरुन्निसा कमरुद्दीन मुकादम
पनवेल, दि. १० नोव्हेंबर २०२५