तुझा रिपोर्ट

प्रिय केतू,

तू पुण्याला परत गेलीस त्याला अठरा दिवस झाले. परवा फोनवर म्हणालीस, डोकं सारखं दुखतं, रोज एक गोळी घेते. मी बरं म्हणून फोन ठेवला. ती गोळी आजपासून बंद कर. कारण पुढे लिहितो. मला असलं काही बोलून सांगता येत नाही हे तुला माहीत आहेच.

इथे कोलकात्यात, बालीगंजच्या घरात सगळं जागच्या जागी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सहाला जाग येते आणि मी टॅक्सी बघायला खाली उतरतो. एकदा तर कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. डायलिसिस सेंटरबाहेरचा शहाळेवाला आईला दरवेळी हाक मारायचा, दीदी, डाब खाबेन? ती हसून मान हलवायची. तिला शहाळं चालत नाही हे चार वर्षांत आम्ही त्याला सांगितलं नाही. शेजारच्या शोभादी डबा पाठवतात. त्यांच्या भाजीतलं मीठ मला आता सोसत नाही. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर अळणीच जेवलो.

तेराव्याला तू सुलभामावशीला म्हणालीस, माझी किडनी जुळली असती तर आई आज असती. मी तिथेच पंगतीत पाणी वाढत होतो. मी पुढच्या पानाकडे गेलो.

केतू, जुळण्यापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी तू सुट्टीत येऊन तपासण्या करून गेलीस आणि रिपोर्ट आणायला मी गेलो. तुझ्या दोन्ही मूत्रपिंडांवर पाण्याच्या गाठी आहेत. आईला तोच आजार होता, तिच्या वडिलांनाही. आईचं बीपीमुळे झालं असं आम्ही तुला सांगत आलो, ते अर्धंच होतं. डॉक्टर म्हणाले, हे बरं होत नाही, पण मुलीला लगेच कळवा. रक्तदाब ताब्यात ठेवला, मीठ कमी केलं, दुखण्याच्या गोळ्या टाळल्या, दरवर्षी तपासणी केली, तर डायलिसिस बरीच वर्षं लांबवता येतं. तुझं लग्न महिन्यावर आलं होतं. मी तुला फोन करून म्हणालो, जुळत नाही. लग्नानंतर सांगू असं ठरवलं. मग तुझी नवी नोकरी आली, मग आई खालावली.

तीन वर्षं गेली. त्यात किती नुकसान झालं ते मला माहीत नाही. तुझं डोकं दुखतं म्हटल्यावर मला धीर राहिलेला नाही. रिपोर्ट सोबत आहे. पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्तदाब बघ, मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घे.

मला काय म्हणायचं ते म्हण. आईला दोष देऊ नकोस, त्यासाठीच हे लिहितो आहे. रिपोर्ट तिने वाचला होता. केतूला आजच सांगा, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, हो, सांगितलं. तुला त्या विषयावर बोलायला नको वाटतं, असंही म्हणालो. म्हणून तिने तो विषय कधी काढला नाही. फोनवर फक्त विचारायची, मीठ कमी खातेस ना? तू हो गं म्हणायचीस. फोन ठेवून ती मला सांगायची, पोरगी सांभाळते आहे हो स्वतःला.

तुला म्हणवलं तर तुझाच,
बाबा