कोळ्याला दिलेलं माहेरचं नाव

सर, तुमच्या कोळ्याचं नाव आता जाणार आहे, आणि ते माझ्या हातून जाणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

सिकंदराबादपलीकडच्या खडकाळ माळावर, एका दगडाखाली तुम्हाला ती सापडली होती. जाळं न विणता जमिनीवर धावून शिकार करणारी, करडी, नखाएवढी मादी. तिच्या पोटाखालची जननछिद्राची पट्टी कुठल्याच नोंदलेल्या जातीशी जुळेना, म्हणून तुम्ही ती नवी जात ठरवलीत आणि तिला काकूंचं माहेरचं नाव दिलंत. हिमायतनगरच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून उभी आहे, काकू बगारे बैंगन ढवळताहेत, आणि तुम्ही शोधपत्रिकेचा छापील अंक त्यांच्यापुढे धरता. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून त्यांना जुन्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. तुम्हीसुद्धा नाही. "आईपुढे तेव्हा बोलता आलं नाही," तुम्ही एवढंच म्हणालात. काकूंनी पदराला हात पुसले. "हौ, आणि परत दिलं ते कोळ्याला!" असं म्हणून त्या हसल्या खऱ्या, पण तो अंक त्यांनी देवघरात नेऊन ठेवला.

तुमच्या कितीतरी आधी एका परदेशी अभ्यासकाने नुसता नर पाहून एका जातीला नाव दिलं होतं. त्याला मादी मिळाली नाही, तुम्हाला नर मिळाला नाही. आपण कोळी ओळखतो ते जननेंद्रियांवरून, आणि ती तर नराची वेगळी, मादीची वेगळी. जोडपं समोर आल्याशिवाय कळणार कसं? ते जोडपं यंदा त्याच माळावर मला मिळालं, एकाच रेशमी कोशात. ती वयात येण्याची वाट बघत नर शेजारी बसून होता. वयात आल्यावर ती तुमचीच निघाली, नर त्या परदेशी अभ्यासकाचा; जनुकंही जुळली. जात एकच, आणि नियम असा की आधी दिलेलं नाव राहतं. म्हणजे इथेही बाईनेच नवऱ्याचं नाव लावायचं! मला फार राग आला, सर. नियमाचा आला, त्या परदेशी माणसाचा आला, तुमचाही आला. गप्प बसावं असंही वाटलं. पण शिकत असताना एकदा मी "बहुतेक नवी जात आहे" म्हणाले, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत खडसावलं होतंत, "दिसतं ते लिही. आवडतं ते घरी ठेव."

शोधनिबंध पाठवण्याआधी काकूंकडे गेले. त्यांना आता कमी दिसतं. दारातच विचारतात, "माझी कोळीण बरी आहे ना गं?" मी सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा गेलं तेव्हा मला कुणी विचारलं पण नव्हतं. तू सांगायला तरी आलीस. परेशान नक्को होऊ, लिही." आणि चाचपडत चहा टाकायला उठल्या.

निबंध गेला. हे पत्र कुठे पाठवणार? आज संग्रहातली तुमच्या कोळिणीची स्पिरिटची बाटली काढली. नावाची जुनी चिठ्ठी काढायची नसते, नवी तिच्या शेजारी घालायची, हे तुम्हीच शिकवलंत. तेवढ्यापुरतं काकूंचं नाव तुमच्या अक्षरात राहील. नवी चिठ्ठी आत सोडताना, शास्त्रीय नावाचं लॅटिन शेपूट गाळून, मी ते नाव एकदा मोठ्याने उच्चारलं. खरं तर त्या दिवशी निघताना त्यांना त्याच नावाने हाक मारायची होती. दारातून मी "येते, काकू" एवढंच म्हणाले.